तुझ्या गावाला जाऊन आलो

अभय,

तुझ्या गावाला जाऊन आलो. परवा, नाताळच्या सुटीतल्या शनिवारी, मी आणि रेवा. तू बरोबर होतास, पण तुला त्यातलं कितपत कळलं असेल कोण जाणे, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलायची तुझी सवय माहीत आहे, पण या वेळी ऐकून घ्यावं लागेल.

बर्फ पडत होता. आइंडहोवनला सकाळी उठून पडदा सरकवला तर समोरची छपरं, गाड्या आणि तू "पुढच्या रविवारी नक्की" म्हणत राहिलेली कुंपणाची झुडपं, सगळं पांढरं. आणि बर्फ पडला की इथली रेल्वे हात टेकते हे तर ठरलेलंच. तू दर हिवाळ्यात म्हणायचास, की या लोकांनी समुद्राला दाराबाहेर उभं करून ठेवलं, आणि चार बोटं बर्फ पडला की यांच्या गाड्या बंद. तेच वाक्य, दर वर्षी, आत्ताच सुचल्यासारखं. परवा फलाटावरच्या पाटीवर आपली गाडी रद्द झाल्याचं झळकलं तेव्हा मी आणि रेवाने एकमेकींकडे पाहिलं. ते वाक्य कुणीतरी म्हणायला हवं होतं. म्हणणारा रेवाच्या पाठीवर होता, स्वतःच्याच निळ्या सॅकमध्ये.

हो, सॅकमध्ये. नाक मुरडू नकोस, सांगते.

नोव्हेंबरात तू गेलास तेव्हा दहाव्याला तुझ्या अस्थी माझ्या हातात नव्हत्या. दहन झाल्यावर महिनाभर त्या द्यायच्या नाहीत असा इथला डच कायदा. हे कराडला आईंना फोनवर सांगताना मला शब्द सापडेनात. तिसऱ्या दिवशी राख सावडायची एवढंच त्यांना माहीत. त्यांनी कायद्याबद्दल काही विचारलं नाही. "महिनाभर कुठे ठेवतात गं त्याला?" एवढंच म्हणाल्या. मी सांगितलं, चांगल्या जागी, फळीवर, नाव लावून ठेवतात. त्यावर त्यांनी फोन तुझ्या चुलतभावाकडे दिला. दहावं त्यानेच केलं, नदीवर, तुझ्यावाचून आणि आमच्यावाचूनही.

डिसेंबरात तू ताब्यात मिळालास. राखाडी रंगाचं एक नळकांडं, दिसायला साधं आणि उचलायला गेलं की जड. आईंनी बजावून ठेवलं होतं, अस्थी घरात घ्यायच्या नाहीत, बाहेर झाडाला बांधून ठेव. आता आपल्या रांगेतल्या घराला अंगण केवढं आणि त्यात झाड कुठलं? मग मी तुला मागच्या सायकलींच्या खोलीत ठेवलं, तुझ्या दोन्ही सायकलींच्या मधोमध. मला वाटलं, तुला तरी ही जागा आवडेल. रेवाला कळलं आणि तिने आकाशपाताळ एक केलं, सगळं डचमधून. बाहेर गोठायची वेळ आलीय आणि बाबा शेडमध्ये, हे कसलं प्रेम, असं तिचं म्हणणं. मी आजीचं नाव पुढे केलं. ती तणतणत बाहेर गेली आणि तुझी करडी लोकरीची टोपी त्या नळकांड्याला घालून आली. तेव्हापासून तू तिथे टोपी घालून बसला होतास. मी सकाळी कामाला जाताना सायकल काढायचे तेव्हा मला हसू यायचं, आणि रस्त्यावर लागेपर्यंत त्या हसण्याचं रडू झालेलं असायचं.

आता मुद्दा. तुला सोडायचं कुठे?

आईंच्या मनात प्रश्नच नव्हता. कराड, कृष्णा-कोयनेचा संगम, जिथे तुझ्या बाबांना सोडलं. रेवाच्या मनातही प्रश्न नव्हता. डेल्फ्ट. तिचं म्हणणं, बाबानेच सांगितलंय. तू सांगितलं होतंस हे खरंच आहे, पण कसं, तर भजी खाताना. जोश्यांच्या घरी, सगळ्यांसमोर, तोंडात भजी असताना म्हणालास की मला मेल्यावर डेल्फ्टला सोडा, नदीचं पाणी महाराष्ट्रात राहिलंय कुठे. सगळे हसले, मीही हसले. बाकी सगळ्या गोष्टींवर तासभर बोलणारा माणूस या एका गोष्टीवर एक वाक्य बोलला, आणि तेही गंमत म्हणून की मनापासून हे आता मी कुणाला विचारू?

मी आपली मधली वाट काढली. थोडं इथे, थोडं तिथे. आपल्याकडे करतात तसं पुष्कळ जण. पण रेवाने माझ्याकडे असं पाहिलं की बस. "बाबा काय केक आहे का?" म्हणाली. तेरा वर्षांची पोर, पण वाद घालण्यात तुझ्यावरच गेलीय. ते वाक्य ऐकल्यावर वाटणी करायचा धीर मला झाला नाही. मग आईंनी मला एकटीला गाठून विचारलं, की मुक्ता, तिथे त्याला ओळखतं कोण? इथे नदीवर गेलं तर चार माणसं म्हणतील, हा अमक्याचा मुलगा. तिथे कोण म्हणणार? म्हणून ठरवलं, सुटीत डेल्फ्टला जाऊ, दर वर्षी जातो तसं, आणि जागा बघू. खेमेंतेत, म्हणजे नगरपालिकेत, विचारून ठेवलं होतं, त्यांची हरकत नव्हती. जागा पटली तर तिथेच, नाहीतर कराड.

गावाचा आपला वाद तसा जुनाच. मंडळाच्या गणपतीत नव्याने आलेली पुण्या-मुंबईची पोरं विचारायची, काका, गाव कुठलं? तू सरळ तोंडाने सांगायचास, डेल्फ्ट. ती बिचारी गोंधळायची, मग मी मध्ये पडायचे, अरे कराड, सातारा जिल्हा. मग तू म्हणणार, जन्म कराडचा, गाव डेल्फ्ट. माणूस पहिल्यांदा स्वतःचं पोट स्वतः भरायला शिकतो ते त्याचं गाव, हे तुझं तत्त्वज्ञान. मी म्हणायचे, जिथून वर्षाचा मसाला येतो ते गाव. त्यावर तू विचारायचास, मग मॅडम, तुमचं गाव कुठलं, तुम्हालाही मसाला माझ्याच आईचा लागतो. इथे माझी बोलती बंद व्हायची. म्हणजे मी बंद व्हायचे नाही, पण विषय बदलायचे.

माझ्या नोकरीसाठी आपण आइंडहोवनला आलो तेव्हा तू एका शब्दाने नाही म्हणाला नाहीस. उलट स्वतःची नोकरीही इकडच्या पाणीखात्यात बदलून घेतलीस. फक्त पहिलं वर्षभर गाव सुटल्याचं तोंड करून बसलास. मग नाताळच्या सुटीत एक दिवस "गावाला" जायचं अशी आपली रीत पडली. ऑफिसातले लोक बर्फ बघायला स्वित्झर्लंडला जायचे, आपण डेल्फ्टला जायचो, बहुतेक वेळा पावसात भिजत. दरवेळी तोच रस्ता, त्याच जागा, तीच बडबड. रेवा कंटाळायची. तूही तिला दर वर्षी नव्या उत्साहाने कंटाळा आणायचास. या वर्षी मात्र सगळा रस्ता तिने ठरवला, आणि मला एकही जागा गाळू दिली नाही.

रॉटरडॅमला गाडी बदलून पोचेपर्यंत दुपार व्हायला आली होती. पहिली जागा अर्थातच पूल. कालव्यावरचा तो कमानीचा छोटा पूल, जिथून कठड्यावर वाकून पाहिलं की आपल्या जुन्या खोल्यांची खिडकी दिसते. कालवा गोठला होता, म्हणजे पातळ साय धरल्यासारखा, आणि बदकं एका कोपऱ्यातल्या उघड्या पाण्यात दाटीवाटीने बसली होती. रेवाने मला विचारलं, छत्री इथेच ना?

इथेच. आपला पहिला हिवाळा, दोघंही विद्यार्थी, आणि आपल्यात ओळख एवढीच की भारतीय विद्यार्थ्यांच्या जेवणात तू माझ्याकडे मीठ मागितलं होतंस. त्या दिवशी पहिला बर्फ पडला. सगळं गाव हात पसरून, तोंड वर करून उभं होतं, आणि त्यातून तू आलास, काळी छत्री उघडून. पुलावर उभे असलेले सगळे हसायला लागले. तू थांबलास, छत्रीकडे पाहिलंस, मग त्या लोकांकडे, आणि छत्री मिटायची सोडून माझ्या डोक्यावर धरलीस. "हसू दे. भिजलो तर ताप आपल्याला येणार," असं म्हणालास. मला ताप आला नाही. पण त्या छत्रीखाली तुझ्या स्वेटरला येणारा डांबरगोळ्यांचा वास अजून माझ्या नाकात आहे. सगळ्यांना मी सांगत आले की तुझी हुशारी बघून तुझ्याशी लग्न केलं. खोटं आहे ते. त्या छत्रीमुळे केलं. इतकी वर्षं राहून गेलं सांगायचं, कारण सांगितलं असतं तर तू ते प्रत्येक जेवणात सगळ्यांना ऐकवलं असतंस.

पुलावरून मी खाली पाहिलं आणि म्हटलं, इथे? रेवा सॅकचे पट्टे घट्ट धरून उभी होती. तिने मान हलवली. पाणी वाहत नाही इथे, म्हणाली. आजी म्हणाली होती ना, वाहतं पाणी लागतं. मला बरंच वाटलं, कारण माझ्याने तिथे काही झालं नसतं.

तिथून चौकात. बाजार निम्मा उठला होता, पण चर्चच्या बाजूला मासळीची गाडी होती आणि गाडीत योका होती. मी शाकाहारी बाई. इतकी वर्षं त्या गाडीपासून दहा पावलं लांब उभी राहून तुझी वाट बघत आले, त्यामुळे तिला माझा चेहरा माहीत, मला तिचा, आणि आमचं बोलणं हात हलवण्यापुरतं. तिने आम्हाला बघितलं, हात हलवला, आणि आमच्या मागे नजर टाकली. मग विचारलंच, इंजिनियर कुठे राहिला?

मला वाटलं होतं मी सांगेन. महिनाभर इतक्या जणांना सांगितलं, ऑफिसात, बँकेत, शाळेत, न अडखळता. तिथे मात्र मी रेवाकडे पाहिलं. रेवाने सांगितलं. दोन वाक्यांत, डचमध्ये, सायकलवरून स्टेशनला जाताना, हृदय. योकाने हातातला झारा खाली ठेवला. तुला ती माहीत आहे, गोड बोलणं तिच्या स्वभावात नाही. ती वाकली आणि खालच्या कप्प्यातून एक काचेची बरणी काढून फळीवर ठेवली. लाल मसाला, तळाशी थोडासा उरलेला.

कांदा-लसूण मसाला, अभय. आईंचा. डेल्फ्टच्या भर चौकात.

तू खिशात पुडी ठेवतोस हे मला माहीत होतं. तळलेल्या माशांवर ती भुरभुरून खातोस हे लांबून दिसायचं. पण तू तिला बरणी भरून दिली होतीस, आणि दर वर्षी ती भरत होतास, हे कुठे माहीत होतं मला? योका म्हणाली, तिचा नवरा आता याच्याशिवाय मासा खात नाही. म्हणाली, इंजिनियरने सांगितलं होतं की हा त्याची आई बनवते, उन्हाळ्यात, अंगणात बसून, आणि सगळ्या गल्लीला शिंका येतात. मग तिने रेवासाठी मासे तळले, बरणीतला मसाला वर घातला, आणि कागदी पुडा पुढे करताना तिचे डोळे भरले. तिखटाने होतं असं, म्हणाली. रेवा खात होती आणि रडत होती. मीही शेवटी त्या गाडीजवळ गेले, अगदी फळीला टेकून उभी राहिले. मासे नाही खाल्ले, घाबरू नकोस. पण बरणीतला मसाला बोटावर घेऊन चाटला.

तिथून निघताना माझं मन जवळजवळ ठरलं होतं. आईंनी विचारलं होतं, तिथे त्याला ओळखतं कोण. आता माझ्याकडे उत्तर होतं.

शेवटची जागा तुझं देऊळ. मी त्याला देऊळ म्हणायचे आणि तुला राग यायचा. गावाबाहेर, शेतांच्या कडेला, विटांचं ते पंपघर. तिथे उभा राहून तू रेवाला दर वर्षी तेच शिकवायचास, की इथली जमीन समुद्राच्या खाली, त्यामुळे इथलं पाणी आपल्या पायाने समुद्राला जाऊ शकत नाही. ते उचलून वरच्या कालव्यात घालावं लागतं, तिथून पुढे ढकलावं लागतं, तेव्हा कुठे ते पोचतं. कराडला दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात त्या कुणी न सांगता, आणि इथे प्रत्येक थेंबाला हात धरून न्यावं लागतं, हे सांगताना तुझा आवाज बदलायचा. मला तेव्हा गार वाऱ्याने कान दुखायचे आणि घरी जायची घाई असायची. पण तुझा तो आवाज मी ऐकत होते, हे तुला माहीत असावं अशी आशा आहे.

रस्त्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. बर्फात पाय रुतत होते. शेतातले चर गोठलेले, लव्हाळ्यावर बर्फ. लांबूनच पंपाची घरघर ऐकू आली. जवळ गेलो तर पंपघराच्या तोंडाशी बर्फाचा मागमूस नाही, तिथून पाणी फेसाळत बाहेर पडत होतं आणि पुढे गोठलेल्या कालव्यात वाट काढत जात होतं. रेवा काठावर उकिडवी बसली. बराच वेळ बघून म्हणाली, आई, इथे वाहतंय.

वाहत होतं. साऱ्या डेल्फ्टमध्ये त्या दिवशी तेवढंच वाहतं पाणी होतं, आणि ते तुझ्याच आवडत्या यंत्राने वाहतं केलं होतं. याहून चांगली जागा कुठे मिळणार? रेवाने सॅक उतरवून मांडीवर घेतली. टोपी नीट केली. मी हातमोजे काढले. आणि तेव्हा वाटलं, आईंना विचारल्याशिवाय नाही. त्या काय म्हणतील ते म्हणोत, पण आपल्या पाठीमागे झालं असं त्यांना वाटायला नको. मी व्हिडिओ कॉल लावला.

कराडला दिवेलागण व्हायला आली होती. आई ओसरीवर बसल्या होत्या, डोक्यावर पदर, फोन नेहमीसारखा कपाळाशी धरलेला, त्यामुळे आम्हाला अर्ध्या चष्म्यापलीकडे काही दिसेना. मी त्यांना सगळं सांगितलं. गाडी रद्द झाल्यापासून. योकाचं सांगितलं, बरणीचं सांगितलं, तिच्या नवऱ्याचं सांगितलं. तुमचा मसाला आहे हो इथे, चौकात, म्हटलं. मग फोन फिरवून पाणी दाखवलं.

त्या पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाहतंय गं. चांगलं आहे पाणी. सोड तिथेच."

मला खरं वाटेना. मी विचारलं, आई, नक्की ना? त्या म्हणाल्या, नक्की. इतकी माणसं जोडली त्याने तिथे, मला काय माहीत होतं? आणि मी आज आहे, उद्या नाही. पोरीला बापाकडे जाता यावं असं ठिकाण हवं. इथवर ती कशी आणि कितीदा येणार? त्यांचा आवाज अगदी नीट होता. किराणा सांगतात तसं सगळं क्रमाने सांगितलं त्यांनी. मी रडत होते आणि त्यांचे उपकार मानत होते, तोंडाने नाही, मनात. इतक्या वर्षांत आम्हा दोघींत तुझ्यावरून कधी इतकं सरळ बोलणं झालं नव्हतं.

रेवाने नळकांड्याचं झाकण फिरवायला घेतलं. फोन माझ्या हातात तसाच होता. आईंनी तो कपाळावरून खाली घेतला होता, आता त्यांचा सगळा चेहरा दिसत होता. त्या पाण्याकडे बघत होत्या, काठावरच्या बर्फाकडे बघत होत्या.

"पाणी फार गार असेल ना गं?" त्यांनी विचारलं.

मी वाकून पाण्यात बोटं घातली आणि पटकन बाहेर काढली.

"त्याला गार पाणी सोसत नाही," आई म्हणाल्या. "लहानपणी नदीवर न्यायचे तर बाकीची पोरं उड्या मारून मोकळी, आणि हा काठावर बसून राहायचा. ऊन डोक्यावर आल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही." मग स्वतःच म्हणाल्या, "असू दे. आता काय गार आणि काय ऊन. सोड तू."

रेवाचा हात थांबला होता. तिला मराठी सगळं कळतं, हे आपल्याला माहीत आहे, पण ती आजीशी शेवटचं मराठीत कधी बोलली होती ते मला आठवत नाही. नेहमी ती डचमध्ये काहीतरी पुटपुटते आणि मी मध्ये दुभाषी. तुझ्यामाझ्यात त्यावरून किती कटकट झाली. तू म्हणायचास, बोलेल तेव्हा बोलेल, मागे लागू नकोस.

तिने झाकण परत घट्ट केलं, टोपी चढवली आणि सॅकची चेन ओढली. माझ्या हातातून फोन घेतला.

"आजी," ती म्हणाली, "बाबाला आम्ही घेऊन येतो."

एवढंच. जरा अडखळत, पण स्वच्छ. पलीकडे आईंनी पदर तोंडाला लावला. आम्ही तिघी तशाच राहिलो, एक ओसरीवर आणि दोघी बर्फात, आणि पंप चालू होता.

तर असं झालं. तू जिंकलास की हरलास ते मला ठरवता येत नाही. डेल्फ्टला तुझी माणसं आहेत, हे तू सिद्ध केलंस. पण तू रेवाला मसाला, पंप, बोगदे, भरती-ओहोटी सगळं शिकवलंस, आणि तुला थंड पाण्याची भीती वाटते हे नाही सांगितलंस. मलाही नाही. आपण समुद्रावर जायचो तेव्हा आम्ही पाण्यात गेलो की कपड्यांची राखण तूच करायचास, आणि मी समजायचे की याला वाचायला शांतता हवी. केवढा गुणी नवरा, असं इतरांना सांगायचे. आता हसू येतं. त्या शेवटच्या सकाळीही आपण बोललो ते कोथिंबिरीबद्दल, येताना आण म्हणून, आणि तू दारातून हो म्हणालास. एवढ्या वर्षांच्या संसारात बडबड कितीतरी झाली, तरी हे राहून गेलंच. पण त्याबद्दल तक्रार नाही. जे मिळालं ते भरपूर होतं, अभय. खूप भरपूर होतं.

योकाला मी सांगून आलेय की उन्हाळ्यात बरणी भरून आणते. या वेळी कराडहून मीच घेऊन येईन, वाटेत सांडली तर तुझ्यासारखं विमानतळावर भांडेन.

तू आता घरात आहेस, हॉलमध्ये, हीटरच्या शेजारी. रेवाने आणून ठेवलं, आणि मी काही बोलले नाही. तिकिटं झाली आहेत, आम्ही फेब्रुवारीत निघतो. सॅक मी सामानात देणार नाही, मांडीवर घेणार.

काल आईंचा फोन आला होता. भटजींनी सकाळची वेळ दिलीय, सूर्योदयाची, तेच शास्त्र म्हणतात. आईंनी त्यांना सांगितलं, दुपारी या. भटजी म्हणाले, तसं करत नाहीत. आई म्हणाल्या, आम्ही करतो. ऊन चांगलं वर येऊ दे, पाणी तापू दे, मग उतरवू त्याला.